एलईडीचा रंग कशावरून ठरतो, वरच्या प्लास्टिकवरून की आतल्या चिपवरून?

चिपवरून. पुण्यात तापकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पारदर्शक डोक्याचे एलईडी घेऊन बघा. बंद असताना सगळे सारखे, पेटवल्यावर एक लाल, दुसरा निळा.

चिप अर्धवाहकाची, म्हणजे धातूइतकी सहज वीज वाहू न देणाऱ्या पदार्थाची असते. त्यात इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यातून खालच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागेत पडतो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. पट्ट्यांमधलं अंतर पदार्थागणिक वेगळं. १२४० ला त्या अंतराने (इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या एककात) भागा, तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते: २ ला ६२०, म्हणजे लाल; २.७ ला साधारण ४६०, म्हणजे निळा. लाल-पिवळ्यासाठी ॲल्युमिनियम-इंडियम-गॅलियम फॉस्फाइड वापरतात, निळ्या-हिरव्यासाठी इंडियम-गॅलियम नायट्राइड. त्यात इंडियम वाढवलं की निळा हिरव्याकडे सरकतो.

व्होल्टेजचा फरकही यातूनच येतो. लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास पेटतो, निळ्याला ३ च्या आसपास लागतात. दोन पेन्सिल सेल जरा उतरले की निळा मंदावतो, लाल खुशाल चालू. (लालला रेझिस्टर, म्हणजे प्रवाह आवरणारा रोध लावा, नाहीतर जळून जाईल.)

पांढऱ्या एलईडीत बहुधा निळीच चिप असते, वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणारा थर. आणि दिवाळीच्या स्वस्त माळांत कधीकधी पांढऱ्या एलईडीवर रंगीत टोपी बसवलेली असते. तिथे मात्र रंग प्लास्टिकचाच.