एमबीबीएस आणि इंटर्नशिपनंतर मेडिकल रायटिंगकडे कसं वळावं?

तुम्ही विचारलंय की मुंबईत एमबीबीएस झालं, इंटर्नशिपही संपली, नीट-पीजी द्यायची नाही. तर मेडिकल रायटिंगमध्ये, म्हणजे औषधं आणि संशोधनाविषयीच्या व्यावसायिक लेखनात, जाता येईल का आणि त्यासाठी कुठला कोर्स करावा? नक्की जाता येतं. कोर्सची फी भरायची घाई मात्र करू नका. डिग्रीमुळे मुलाखतीचं बोलावणं येतं, पण निवड ठरते लेखनाच्या चाचणीवर, आणि डॉक्टर अडतात ते तिथेच.

आधी कुठलं लेखन करायचं ते ठरवा. रेग्युलेटरीत, म्हणजे औषध नियामकांसाठीच्या लेखनात, प्रोटोकॉल (औषधाच्या चाचणीचा, म्हणजे ट्रायलचा आराखडा), क्लिनिकल स्टडी रिपोर्ट (ट्रायलचा अहवाल), इन्व्हेस्टिगेटर्स ब्रोशर (ट्रायल करणाऱ्या डॉक्टरांसाठी औषधाची माहिती) अशी कागदपत्रं येतात. पब्लिकेशनमध्ये जर्नलचे शोधनिबंध, ॲबस्ट्रॅक्ट, पोस्टर. तिसरं मेडिको-मार्केटिंग: एमआर (औषध कंपनीचे प्रतिनिधी) डॉक्टरांना दाखवतात ती व्हिज्युअल एड, एलबीएल (डॉक्टरांकडे ठेवून जायचं माहितीपत्रक), सीएमईच्या (डॉक्टरांच्या प्रशिक्षण कार्यक्रमांच्या) स्लाइड्स. गोरेगाव, अंधेरी, लोअर परळ भागात औषध कंपन्या आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या एजन्स्या असल्यामुळे फ्रेशरला या तिसऱ्या प्रकारात शिरकाव सोपा पडतो. तिकडे जायचं असेल तर औषधांच्या प्रचाराबद्दलची २०२४ ची यूसीपीएमपी संहिता वाचूनच जा. बाजारात वर्षाहून जास्त काळ असलेल्या औषधाला ‘नवीन’ म्हणता येत नाही, ‘सुरक्षित’ हा शब्दही नुसता मोकळा वापरता येत नाही. आकड्यांत रमणाऱ्याने मात्र थोडं थांबावं लागलं तरी रेग्युलेटरीच धरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे शिकलेली शिस्त पुढे कुठेही उपयोगी पडते.

ती शिस्त म्हणजे काय, ते एका नॅरेटिव्हवरून, म्हणजे एका रुग्णाच्या बाबतीत काय घडलं त्याच्या वृत्तांतावरून बघा. ट्रायलमधल्या ५४ वर्षांच्या बाईंना ३ मार्चला पहिला डोस दिला, १७ मार्चला कावीळ दिसली, एएलटी (यकृताची रक्तचाचणी) ३१२. डॉक्टर सवयीने लिहितो, ‘चौदाव्या दिवशी औषधामुळे हिपॅटायटिस झाला.’ या एका वाक्यात तीन चुका आहेत. बहुतेक ट्रायलमध्ये पहिल्या डोसचा दिवस हाच पहिला दिवस धरतात, शून्यावा दिवस नसतो. म्हणून १७ मार्च हा पंधरावा दिवस. ‘औषधामुळे’ हे ठरवणारे आपण कोण? कार्यकारणाबद्दल इन्व्हेस्टिगेटरचं (ट्रायल करणाऱ्या डॉक्टरचं) मत आणि स्पॉन्सरचं (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीचं) मत, दोन्ही वेगवेगळी नोंदवायची, आपलं तिसरं घुसवायचं नाही. आणि कागदावर ‘कावीळ’ असेल तर ‘हिपॅटायटिस’ लिहायचं नाही, निदान कितीही उघड वाटलं तरी. शिवाय प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा, घटनेच्या वेळी चालू असलेला डोस, औषध थांबवलं की चालू ठेवलं, बाकीची औषधं आणि शेवटी रुग्णाचं काय झालं, हे सगळं यायला हवं. वॉर्डमध्ये आपल्याला निष्कर्षाकडे धावायला शिकवतात. इथे तो पाय आवरावा लागतो, आणि हेच सगळ्यात जड जातं.

तयारीला साधारण दोन महिने द्या. स्टडी रिपोर्टचा साचा आयसीएच या औषध नियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ई३ मार्गदर्शिकेत आहे. ती १९९५ ची आहे, फुकट मिळते, आणि नॅरेटिव्हमध्ये काय हवं ते १२.३.२ मध्ये दिलंय. युरोपीय औषध संस्थेच्या क्लिनिकल डेटा संकेतस्थळावर नोंदणी करून खरे रिपोर्ट वाचा. पब्लिकेशनसाठी कन्सॉर्ट (ट्रायलच्या शोधनिबंधांची) आणि प्रिझ्मा (अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांची) या चेकलिस्ट हाताशी ठेवा. मग तीन नमुने स्वतः लिहा: एखाद्या खुल्या शोधनिबंधाचा ॲबस्ट्रॅक्ट न बघता २५० शब्दांचा आपला ॲबस्ट्रॅक्ट, वरच्यासारखं काल्पनिक रुग्णाचं नॅरेटिव्ह, आणि त्याच शोधनिबंधाचा सामान्य वाचकासाठी एक पानी सारांश. प्रत्येक आकडा मूळ तक्त्याशी पेन्सिलीने टिक करत ताडून बघा. कंपनीत याच कामाला क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) म्हणतात. मजकुरात ४८ आणि तक्त्यात ४७ निघालं की तपासणाऱ्याचा बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

सीव्हीत किती डिलिव्हरी केल्या, किती सेंट्रल लाइन टाकल्या हे नको. केस रिपोर्ट, एखाद्या ट्रायलमध्ये केलेली मदत, एथिक्स कमिटीचं काही काम असेल तर ते वर घ्या. सराव म्हणून पीजी निवासी डॉक्टरांचे थिसिस पैसे घेऊन लिहून देऊ नका. ते गैर आहेच, आणि नमुना म्हणून दाखवताही येत नाही.

एक अपेक्षा आधीच सोडा: लेखकांच्या यादीत आपलं नाव सहसा येत नाही. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीचे चारही निकष पूर्ण झाले तरच माणूस लेखक ठरतो. एरवी रायटरचं नाव आभारात, निधी कोणी दिला या उल्लेखासह येतं. तेही न देता लिहून मागणारं काम घेऊ नका.

तुमचं मराठी चांगलं असेल तर ते सीव्हीत लिहा. मुंबईतल्या ट्रायलमध्ये संमतीपत्र मराठीतही लागतं, आणि त्यातली बरीच भाषांतरं रुग्णाला कळत नाहीत. ‘यादृच्छिक वाटप’ वाचून चिंचपोकळीच्या आजी काय समजणार? ‘तुम्हाला दोन्हीपैकी कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठी काढल्यासारखं संगणक ठरवेल, डॉक्टर ठरवणार नाहीत,’ असं लिहिलं की त्या प्रश्न विचारू शकतात. असं लिहिता येणारा डॉक्टर क्वचित सापडतो.

अर्ज करण्याआधी बाँडच्या (सक्तीच्या सेवेच्या) वर्षाचं, तुम्हाला तो लागू असेल तर, काय करायचं ते कॉलेजकडून लेखी घ्या. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणीही चालू ठेवा. पुढे फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचं काम) किंवा मेडिकल अफेअर्सकडे (कंपनीच्या वैद्यकीय विभागाकडे) जावंसं वाटलं तर तिथे ती मागतात.