मॉडेल जुळतं, पण का जुळतं?

प्रश्न: सूर्यग्रहण कधी लागणार हे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं आधी मिनिटाच्या हिशेबात सांगतात. अर्थतज्ज्ञांना मात्र पुढच्या वर्षीची महागाईही धड सांगता येत नाही. समीकरणं तर दोघंही मांडतात. मग अर्थशास्त्रातल्या मॉडेलांना शास्त्र का म्हणायचं?
– एक निवृत्त विज्ञान शिक्षक

उत्तर: सर, मी संख्याशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात भौतिकशास्त्राची मुलं असतात तशी अर्थशास्त्राचीही असतात, आणि तुमचा हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. त्यावर मी आधी दोन गोष्टी सांगते, एक विज्ञानातली आणि एक अर्थशास्त्रातली. दोन्हींत कुणीतरी आकड्यांमधून एक सूत्र शोधून काढलं, आणि ते सूत्र का लागू पडतं हे त्या वेळी कुणालाच नीट माहीत नव्हतं.

योहान बाल्मर हे स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. हायड्रोजनमधून निघणारा प्रकाश रंगांमध्ये वेगळा केला की त्यात चार ठळक रेषा दिसतात. त्यांच्या तरंगलांबी साधारण 656.2, 486.1, 434.0 आणि 410.1 नॅनोमीटर असल्याचं तोवर मोजून झालं होतं. या चार आकड्यांत काही संगती आहे का, हे बाल्मर शोधत बसले. 1885 मध्ये त्यांना ती सापडली. 364.56 ला अनुक्रमे 9/5, 4/3, 25/21 आणि 9/8 यांनी गुणा, चारही आकडे येतात. कॅल्क्युलेटर घेऊन एकदा करून बघाच, मला आजही ते करताना आनंद होतो. हे अपूर्णांकही मनाला येईल तसे घेतलेले नाहीत. 3, 4, 5, 6 यांपैकी एकेका अंकाचा वर्ग घ्यायचा आणि त्याला त्याच वर्गातून 4 वजा करून येणाऱ्या संख्येनं भागायचं. 7 घेतला तर उत्तर 397 च्या आसपास येतं. त्या जागी रेषा असल्याचं आधीच मोजलं गेलं होतं, फक्त बाल्मरना ते ठाऊक नव्हतं. सूत्र बरोबर निघालं. पण ते का बरोबर आहे, हे कळायला 1913 साल उजाडलं. त्या वर्षी भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी अणूचं मॉडेल मांडलं आणि बाल्मरच्या सूत्रातला स्थिरांक (तोच 364.56 चा आकडा) इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, त्याचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक यांवरून काढून दाखवला. मधली 28 वर्षं ते सूत्र आधाराविना उभं होतं आणि तरी टिकलं, कारण हायड्रोजनचा अणू आज एक आणि उद्या दुसरंच असं वागत नाही.

आता दुसरी गोष्ट. ए. डब्ल्यू. फिलिप्स मूळचे न्यूझीलंडचे, शिक्षणानं अभियंते. अर्थव्यवस्थेतला पैशाचा प्रवाह समजावण्यासाठी त्यांनी 1949 मध्ये पारदर्शक टाक्या आणि नळ्यांमधून रंगीत पाणी फिरवणारं एक यंत्र बनवलं होतं. 1958 मध्ये त्यांनी ब्रिटनची 1861 ते 1957 ची आकडेवारी घेऊन बेरोजगारी आणि वेतनवाढ यांचा संबंध तपासला. त्यांनी वक्र बसवला तो 1861 ते 1913 या काळातल्या आकड्यांवर, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचे बिंदूही त्याच्या जवळपासच पडले. बेरोजगारी कमी तेव्हा वेतनं भराभर वाढतात, बेरोजगारी जास्त तेव्हा ती वाढ मंदावते. जवळजवळ शंभर वर्षांचा पुरावा! लगेच त्याचा धोरणासाठी वापर सुरू झाला: थोडी महागाई सोसायची आणि त्या बदल्यात बेरोजगारी कमी करून घ्यायची.

मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स या अर्थतज्ज्ञांनी 1960 च्या दशकातच इशारा दिला होता. कामगार वेतन ठरवतो ते येत्या काळात महागाई किती असेल याचा अंदाज बांधून. सरकार महागाई मुद्दाम वाढू देत राहिलं, तर लोक ती गृहीत धरूनच वेतन मागतील आणि तो संबंध विस्कटेल. झालंही तसंच. 1975 मध्ये अमेरिकेत बेरोजगारी सरासरी 8.5 टक्के होती आणि महागाई 9 टक्क्यांच्या घरात. जुन्या वक्रानुसार या दोन गोष्टी एकत्र नांदायलाच नको होत्या. तेलाच्या दरांचा भडका हेही त्यामागचं एक कारण होतं, पण तेवढ्यानं त्या वक्राची सुटका होत नाही. 1976 मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकास यांनी हाच मुद्दा सर्वसाधारण रूपात मांडला: एका धोरणाखाली गोळा केलेल्या आकड्यांवर बेतलेलं मॉडेल दुसऱ्या धोरणाचा परिणाम सांगायला वापरू नका, कारण धोरण बदललं की लोकांचं वागणंही बदलतं.

तेव्हा सर, वक्र नुसता जुळतो एवढ्यानं तो टिकेल असं कुठल्याच विषयात म्हणता येत नाही. तो कशामुळे जुळतोय आणि आपण हात घातल्यावर ते कारण शाबूत राहणार का, हे कळायला हवं. त्यासाठी सिद्धांत लागतो. अणूला किंवा चंद्राला आपलं भाकीत कळत नाही. माणसाला कळतं आणि तो त्यानुसार वागणं बदलतो. अर्थशास्त्राचं काम म्हणूनच जास्त कठीण आहे. फ्रीडमन-फेल्प्स यांनी वक्र मोडायच्या आधीच तो का मोडेल हे सांगितलं, याला मी शास्त्रच म्हणते, आणि अगदी मनापासून म्हणते.

प्रश्न: मी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रबंधासाठी 40 वर्षांच्या आकड्यांच्या दोन मालिका घेऊन रिग्रेशन केलं, म्हणजे एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणारी रेषा बसवली. आर-स्क्वेअर (ती रेषा आकड्यांना किती जुळते याचं 0 ते 1 मधलं माप) 0.93 आला. मार्गदर्शक खूश आहेत, पण मला धाकधूक वाटते. एवढं चांगलं उत्तर खरं असेल?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: तुझी धाकधूक रास्त आहे. तुझ्या दोन्ही मालिका वर्षागणिक चढत जाणाऱ्या असणार, असा माझा अंदाज आहे. एक प्रयोग सांगते, आज संध्याकाळीच करून बघ.

एक नाणं घे. छापा पडला की अधिक एक, काटा पडला की उणे एक. शंभर वेळा उडव आणि प्रत्येक वेळी आतापर्यंतची बेरीज लिहीत जा. ही झाली पहिली मालिका. दुसरं नाणं घेऊन तशीच दुसरी मालिका तयार कर. या दोन नाण्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. आता दोन्ही बेरजांमधला सहसंबंध काढ, म्हणजे त्या किती जोडीनं वरखाली होतात याचं उणे 1 ते अधिक 1 मधलं माप. तो शून्याच्या आसपास यायला हवा, असं वाटतं ना? पण असे प्रयोग करत गेलीस तर तो पुष्कळदा 0.5 च्या पलीकडे गेलेला दिसेल, कधी अधिक, कधी उणे. आता बेरजा बाजूला ठेव आणि एकेका फेकीचे आकडेच एकमेकांसमोर मांडून सहसंबंध काढ. तो शून्याजवळ येतो. बेरजेला स्वतःचा इतिहास असतो: एकदा वर चढली की ती बराच काळ वरच रेंगाळते. दोन रेंगाळणाऱ्या मालिका शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींना धरून चालल्यासारख्या दिसतात.

उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञांनी 1926 मध्येच हे दाखवून दिलं होतं. इंग्लंडमधल्या एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये होणाऱ्या विवाहांचं प्रमाण आणि मृत्युदर यांची 1866 ते 1911 ची आकडेवारी त्यांनी घेतली. सहसंबंध आला 0.95. दोन्ही आकडे त्या काळात आपापल्या कारणांनी घटत होते, एवढंच. 1974 मध्ये ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अभ्यासकांनी अर्थशास्त्राला हीच गोष्ट पुन्हा बजावली. अशा रिग्रेशनमध्ये आर-स्क्वेअर भरघोस येतो आणि नेहमीच्या कसोट्याही संबंध 'सिद्ध' करून देतात, हे त्यांनी दाखवलं.

तेव्हा आधी वर्षा-वर्षातला फरक घेऊन तेच रिग्रेशन पुन्हा कर. मग मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांत जी तफावत उरते, ती काळानुसार कागदावर काढ. सलग सात-आठ वर्षं ती शून्याच्या वर आणि पुढची सात-आठ वर्षं खाली दिसली, तर 0.93 वर विसंबू नकोस. शेवटची दहा वर्षं झाकून ठेव, आधीच्या तीस वर्षांवर मॉडेल बसव आणि झाकलेल्या वर्षांचा अंदाज काढून बघ. आणि हे सगळं करायच्या आधी एका परिच्छेदात लिही: या दोन गोष्टींचा संबंध असावाच का? तो परिच्छेद लिहिता आला नाही, तर विषय बदल. मार्गदर्शकांना ही चिठ्ठी दाखवायला माझी हरकत नाही.

प्रश्न: 'ग्राहकाला सगळी माहिती असते', 'बाजारात कुणाचीच मक्तेदारी नसते' अशी धडधडीत खोटी गृहीतकं घेऊन निघालेलं मॉडेल खरं उत्तर कसं देणार?
– एक वाचक

उत्तर: घर्षण शून्य असतं हेही धडधडीत खोटंच आहे, आणि तरी यांत्रिकीचा पहिला धडा तिथूनच सुरू होतो. फ्रीडमन यांनी 1953 मध्ये म्हटलं की मॉडेल त्याच्या भाकितांवरून तपासावं, गृहीतकं किती वास्तव आहेत यावरून नाही. मला हे अर्धंच पटतं. माझी कसोटी अशी, की वगळलेली गोष्ट पुन्हा आत घेता येते का आणि घेतल्यावर उत्तर सुधारतं का. आदर्श वायूच्या नियमात रेणूंना आकारमान नसतं आणि परस्पर आकर्षणही नसतं. व्हॅन डर वाल्स यांनी 1873 मध्ये या दोन्ही गोष्टी समीकरणात घातल्या आणि वायूचा द्रव कसा होतो हेही त्यातून उलगडू लागलं. अर्थशास्त्राच्या मॉडेलमध्ये अशी दुरुस्ती करायला जागा असेल तर ते मी वापरते. नसेल तर वापरत नाही.

प्रश्न: मॉडेल आणि निरीक्षण यांचं पटलं नाही तर चूक कुणाची धरायची?
– भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी

उत्तर: याला सरसकट नियम नाही. एकाच माणसाच्या बाबतीत याची दोन वेगवेगळी उत्तरं कशी निघाली ते सांगते.

1781 मध्ये सापडलेला युरेनस न्यूटनच्या नियमांनुसार काढलेल्या मार्गावरून हळूहळू सरकताना दिसायला लागला. न्यूटनचा सिद्धांत चुकला म्हणायचा का? फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ उर्बें ल व्हेरिए यांनी तो बरोबर धरला आणि उलटं गणित मांडलं: हा फरक पाडायला एखादा अनोळखी ग्रह कुठे असायला हवा? त्यांचं पत्र 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांना मिळालं. त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

पुढे 1859 मध्ये ल व्हेरिए यांना बुधाच्या कक्षेतही असाच फरक आढळला. बुधाचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू दर शतकात जेवढा सरकायला हवा त्यापेक्षा किंचित जास्त सरकत होता. आज तो जादा भाग 43 विकला मानतात, आणि विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. त्यांनी पुन्हा तोच मार्ग धरला, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार असं सांगितलं, आणि त्याला व्हल्कन हे नावही मिळालं. लोक शोधत राहिले, ग्रह नव्हताच. 1915 मध्ये आइन्स्टाइन यांच्या नव्या गुरुत्व सिद्धांतातून ते 43 विकला कोणतीही जोडाजोड न करता बाहेर पडले.

दुसऱ्या वेळी ल व्हेरिए अडाण्यासारखे वागले असं मी वर्गात कुणालाही म्हणू देत नाही. दोन्ही वेळा त्यांनी तपासता येईल असंच उत्तर दिलं: या जागी बघा, ग्रह दिसेल किंवा दिसणार नाही. आणि मुळात न्यूटनचं मॉडेल एवढं काटेकोर होतं, म्हणून तर 43 विकलांचा फरक डोळ्यांत आला. सैल मॉडेलमध्ये तो कुठल्या कुठे विरून गेला असता.

अर्थशास्त्रात आकड्यांमधला गोंधळ बराच मोठा असतो, त्यामुळे असा फरक पकडायला वेगळी युक्ती लागते. 1 एप्रिल 1992 रोजी न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या मिळून चारशेच्या वर फास्ट-फूड रेस्टॉरंटांची वाढीच्या आधी आणि नंतर पाहणी केली. मागणी-पुरवठ्याच्या साध्या आकृतीनुसार न्यू जर्सीत नोकऱ्या घटायला हव्या होत्या. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तशी घट दिसली नाही. इतर अभ्यासकांनी वेगळी आकडेवारी आणून हरकती घेतल्या आणि बरीच वर्षं वाद चालला. त्यातून ती आकृती काही कुणी फेकून दिली नाही. पण मालकाच्या हातात वेतन दाबून ठेवण्याची ताकद असते का आणि किती, हा जुना, मागे पडलेला मुद्दा पुन्हा मॉडेलमध्ये आला. आज अर्थतज्ज्ञ ती ताकद एकेका ठिकाणच्या आणि एकेका व्यवसायाच्या बाजारात मोजतात, आणि किमान वेतन वाढवल्यावर कुठे नोकऱ्या जातील आणि कुठे टिकतील याचा अंदाज त्यावरून बांधतात.