डी अँड डीमध्ये ड्रॅगनची स्वतःची नवी जात कशी तयार करावी?

ड्रॅगनच्या रंगावरून त्याचा हल्ला कोणता ते कळते, त्यामुळे रंग ऐकताच तुमचे खेळाडू कोणता मंत्र तयार ठेवायचा हे ठरवून मोकळे होतात आणि म्हणून तुम्हाला स्वतःची जात घडवायची आहे, असे मी मानतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ सालचे नियम धरून उत्तर देतो.

बहुतेक जण नव्या श्वासापासून, म्हणजे ड्रॅगन तोंडातून सोडतो त्या आगीसारख्या हल्ल्यापासून, सुरुवात करतात. मला ती वाट फारशी फलदायी वाटत नाही. श्वास एकदा वापरला की सहा बाजूंच्या फाशावर पाच किंवा सहा पडेपर्यंत तो परत मिळत नाही, म्हणजे प्रत्येक पाळीला एक-तृतीयांश शक्यता. लढाई तीन-चार फेऱ्यांत आटोपली, तर तुमचे सारे नावीन्य जेमतेम एक-दोनदा दिसते. त्याऐवजी हा प्राणी भोवतालचे जग कशाने ओळखतो आणि त्यामुळे तो कुठे उघडा पडतो, हे आधी ठरवावे.

उदाहरणादाखल, गुहेत राहणारा आणि केवळ ध्वनीवर शिकार करणारा आंधळा ड्रॅगन घ्या. त्याचे आकडे मुळापासून बेतण्याची गरज नाही. नियमपुस्तकातला तरुण लाल ड्रॅगनचा तक्ता उचलावा: चॅलेंज रेटिंग (लढत किती कठीण याचा आकडा) १०, १७८ हिट पॉइंट (तो किती मार सोसतो) आणि ३० फुटांच्या शंकूत सरासरी ५६ डॅमेज (इजा) करणारा श्वास. फायरच्या (आगीच्या) जागी थंडर (गडगडाटाचे) डॅमेज ठेवताना श्वासाच्या सोळा फाशांपैकी दोन-तीन कमी करावेत, कारण फायरचा प्रतिकार पुष्कळांकडे असतो, थंडरचा फार थोड्यांकडे. डार्कव्हिजन (अंधारात दिसणे) काढून १२० फुटांचे ब्लाइंडसाइट (डोळ्यांविना भोवतालचे कळणे) द्यावे आणि त्यापलीकडे त्याला काहीच दिसत नाही असे लिहावे. शेवटी वटवाघळाच्या तक्त्यातला एक छोटा नियम जोडावा: बहिरे झाल्यास ब्लाइंडसाइट वापरता येत नाही.

खरी गंमत इथून सुरू होते. सायलेन्स हा दुसऱ्या पातळीचा मंत्र २० फूट त्रिज्येच्या गोलातील प्रत्येकाला बहिरे करतो आणि थंडर डॅमेजपासून पूर्ण संरक्षण देतो. त्याला सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा) नसल्यामुळे प्रौढ ड्रॅगनचा लेजेंडरी रेझिस्टन्सही (फसलेला सेव्हिंग थ्रो यशस्वी ठरवण्याची सोय) तिथे कामी येत नाही. ड्रॅगन त्या गोलात सापडला तर आंधळा होतो, पण आत उभ्या असलेल्या जादूगारालाही तोंडाने उच्चारायचे मंत्र म्हणता येत नाहीत, त्यामुळे खेळाडूंना संरक्षण आणि जादू यांतून एकाची निवड करावी लागते. ८० फुटांचा उड्डाणवेग असलेला ड्रॅगन उघड्यावर या गोलातून एका पाळीत निसटेल, अरुंद बोगद्यात मात्र ते अवघड जाईल. म्हणून शहाणा ड्रॅगन चाहूल लागताच बाहेर दरीत येऊन लढेल. बाहेरच्या ड्रॅगनला गोलाच्या आतले कळते का, याबद्दल नियम मौन बाळगतात (विषयाला साजेसेच), तेव्हा तो निर्णय तुम्ही आधी घेऊन ठेवावा. माझा कौल 'कळत नाही' असा आहे.

हा कच्चा दुवा खेळाडूंना शोधून काढता आला पाहिजे, अन्यथा तो असून नसल्यासारखाच. आसपासच्या मेंढपाळांनी शेळ्यांच्या गळ्यातील घंटा काढून ठेवल्या आहेत, गावात कुत्रे पाळत नाहीत, गुहेच्या तोंडाशी खडकांना तडे गेले आहेत, अशा तीन-चार खुणा पेराव्यात आणि त्यांचा अर्थ कोणत्याही पात्राच्या तोंडून सांगू नये.

वयाच्या टप्प्यांवर केवळ आकडे वाढवू नका. पाच वर्षांपर्यंतच्या पिल्लाचे डोळे शाबूत ठेवावेत आणि तरुणपणी ते कातडीखाली बुजून जातात असे मानावे. मग प्रौढ ड्रॅगनसाठी आखलेली शांततेची युक्ती घेऊन खेळाडू गुहेत शिरतात, तेव्हा तिथली पिल्ले त्यांना सरळ बघू शकतात.