म्हशीचा माज आणि मेंदू यांचा काय संबंध?

व्यायल्यानंतर पाच महिने उलटूनही आपली म्हैस माजावर येत नाही, आणि पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तक्रारीवर डॉक्टर मेंदूतल्या हार्मोनचे इंजेक्शन का सुचवतात, असे आपण विचारले आहे. खानापूर तालुक्यात जनावरांवर उपचार करताना हा प्रश्न मला अनेक गोठ्यांत ऐकू येतो.

बीजांडकोश आपल्या मर्जीने चालत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे अवघ्या 10 अमिनो आम्लांचे संप्रेरक सुटते, बारीक रक्तवाहिन्यांतून पियुषिका ग्रंथीत पोहोचते, आणि ती ग्रंथी एफएसएच व एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एफएसएचमुळे बीजांडाचे पुटक, म्हणजे बीजांड असलेली पाण्याची बारीक पिशवी, वाढते. पुटकातले इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की मेंदूच्या इशाऱ्यावर पियुषिकेतून एलएचची मोठी लाट येते, आणि त्यानंतर सुमारे एका दिवसाने बीजांड सुटते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवतात, ते यामुळेच.

मात्र जीएनआरएच किती सुटते यापेक्षा ते कसे सुटते, हे अधिक महत्त्वाचे आहे. 1978 मध्ये अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल व सहकाऱ्यांनी मेंदूतील हा स्रोत नष्ट केलेल्या ऱ्हिसस माकडिणींना ते बाहेरून दिले. दर तासाला सहा मिनिटे दिले तेव्हा पियुषिका कामाला लागली, आणि तेच सलग दिल्यावर एलएच व एफएसएच दोन्ही घसरले. कुत्र्यांचे प्रजनन काही महिने थांबवण्यासाठी कातडीखाली बसवतात ते डेस्लोरेलिन हे जीएनआरएचसारखे औषधही याच तत्त्वावर चालते.

जीएनआरएच किती वेळाने सोडायचे हे ठरवताना मेंदू अंगातली चरबी, आचळाला लागलेले रेडकू आणि दिवसाची लांबी जमेस धरतो. हा निरोप पोहोचवण्यात किसपेप्टिन हे प्रथिन बनवणाऱ्या मेंदूतल्या चेतापेशींचा मोठा वाटा असतो. दिवस लहान होऊ लागले की म्हशीचा माज ठळक होतो, उन्हाळ्यात तो बहुधा मुका, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा, राहतो. त्यात उन्हाळाभर नुसत्या भाताच्या पिंजरावर काढलेली, बरगड्या दिसणारी म्हैस असेल, तर एलएचच्या उसळ्या इतक्या विरळ होतात की पुटक पिकण्याआधीच विरते. इंजेक्शनने एलएचची लाट आणता येते, पण पिकलेले पुटकच नसेल तर बीजांड कोठून सुटणार?

म्हणून आधी हात घालून तपासणी करून घ्यावी. पीतपिंड (बीजांड सुटल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ) लागला, तर म्हैस बहुधा मुका माज करून जात आहे, आणि तिला जीएनआरएचपेक्षा तो पिंड विरवणारे प्रोस्टाग्लँडिन उपयोगी पडते. दोन्ही बीजांडकोश गुळगुळीत लागले, म्हणजे पुटक वा पीतपिंड नसेल, तर पेंड व खनिज मिश्रण सुरू करून तिचे अंग भरू द्यावे आणि इंजेक्शनचा विचार त्यानंतर करावा.