आधी जाडी लिही

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

अर्धवाहकाच्या पातळ थरांपासून सूक्ष्म नळ्या वळवणारी यंत्रे बेळगावात नाहीत म्हणून हा विषय सोडून कोडिंगकडे वळावे का, हा तुझा प्रश्न मी बाजूला ठेवतो. संगणकाने काढलेली नळीच्या वर्णपटाची आकृती खरी मानावी की नाही हे तुला ठरवता येत नाही, ही अडचण अधिक गंभीर आहे. ते ठरवण्यासाठी आधी प्रत्येक थराची जाडी कागदावर लिही.

इंडियम आर्सेनाइडचे स्फटिकजाल गॅलियम आर्सेनाइडपेक्षा सुमारे 7 टक्के मोठे असते. त्यामुळे गॅलियम आर्सेनाइडच्या थराखालचा इंडियम असलेला थर दाबात वाढतो, आणि त्याखालचा अॅल्युमिनियम आर्सेनाइडचा थर हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळताच तो पसरून पापुद्र्याची नळी करतो. पदार्थ ठरले की नळीचा व्यास थरांची जाडीच ठरवते. तापल्यावर वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीसाठी अभियंता टिमोशेंकोने 1925 साली दिलेले सूत्र येथेही कामी येते.

आता प्रकाश. व्यास 5 मायक्रॉन आणि परिणामी अपवर्तनांक, म्हणजे भिंत आणि हवा मिळून प्रकाशाला जाणवणारा, 2 धर. परिघावरचा प्रकाशमार्ग सुमारे 31.4 मायक्रॉन होतो. म्हणजे 1 मायक्रॉन तरंगलांबीजवळ परिघात 31 लाटा बसतात आणि वर्णपटातल्या शेजारच्या दोन शिखरांत साधारण 32 नॅनोमीटर अंतर पडते. तुझ्या आकृतीत ते अंतर 5 नॅनोमीटर कसे? हे विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही! आणि तो 2 हा आकडासुद्धा भिंतीच्या जाडीतूनच येतो, कारण भिंत पातळ असली की प्रकाश बराचसा हवेत राहतो.

चांदीचा थर घातल्यावर तर जाडीशिवाय बोलूच नये. हॅम्बुर्गच्या गटाने 2009 साली चांदी आणि अर्धवाहक एकत्र गुंडाळून दाखवले की थरांच्या जाडीचे प्रमाण बदलले की प्लाझ्मा वारंवारता, म्हणजे जिथे डायइलेक्ट्रिक स्थिरांक शून्य होतो ती वारंवारता, दृश्य प्रकाशात सरकवता येते. थरांना समांतर दिशेत डायइलेक्ट्रिक स्थिरांकाची जाडीनुसार सरासरी घ्यायची. अर्धवाहक दुप्पट जाड केला की या सरासरीचे शून्य तांबड्याकडे सरकते. तुझ्या आकृतीत ते निळ्याकडे गेले आहे, आणि तरी तू ती मला पाठवलीस.

मोठ्या प्रयोगशाळा सोडून बेळगावला परतलो, याबद्दल मला अजूनही ऐकवले जाते. स्वतःच्या हाताने एकही नळी वळवली नाही ही खंत मला आहेच. पण कागदावरचा हिशेब मी कधी सोडला नाही, आणि इतरांनी वळवलेल्या नळ्यांचे वर्णपट मला त्यामुळेच वाचता आले. हे मी माझ्या समर्थनार्थ म्हणतो आहे असे तुला वाटेल, वाटू दे.

पुढच्या पत्रात रंगीत आकृती नको. थराचे नाव, जाडी आणि अपवर्तनांक एवढाच तक्ता पाठव.