डोळे मिटायची सक्ती नाही

"मॅडम, ध्यानाला बसली की ही जास्तच घाबरते. हिचं काही चुकतंय का?" आई विचारत होती. पंधरा वर्षांची लेक शेजारी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. घरात छातीपर्यंत पाणी, अंधार, मग माळ्यावर काढलेले तास. घरातला चिखल कधीच निघाला, पण पत्र्यावर सर वाजली की हिची झोप अजूनही उडायची. शाळेत आनापान घ्यायचे: डोळे मिटून येणारा-जाणारा श्वास बघायचा. दोन मिनिटांत ही उठून बाहेर.

"श्वासाकडे लक्ष गेलं की काय होतं?"

"पाण्यात श्वास धरला होता ना, तेच सगळं परत."

चुकत काहीच नव्हतं. ज्या मुलाच्या भीतीची गाठ श्वासाशीच बसलीय, त्याला डोळे मिटून तिथेच थांबायला सांगणं म्हणजे त्याला पुन्हा त्याच माळ्यावर नेऊन बसवणं. सुरुवातीच्या वर्षांत मीही सरसकट सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे. आता नाही.

आम्ही एका मिनिटापासून सुरुवात केली. डोळे उघडे, पाठ भिंतीला, दार समोर दिसेल अशी जागा. चपला काढून पाय फरशीवर. गार कुठे लागतंय, टाच की बोटं, एवढंच बघायचं. नको वाटलं की थांबायचं, आणि कधी थांबायचं ते तिनेच ठरवायचं. पुरात तिच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून मला ही मुभा फार महत्त्वाची वाटते. दोनेक महिन्यांनी फोनवर पावसाचा आवाज लावला, अगदी बारीक. बटण तिच्या हातात.

नुसत्या सजगतेवर, म्हणजे आत्ता काय जाणवतंय ते बघण्याच्या या सरावावर, मात्र मी विसंबले नाही. त्या दिवसाबद्दल थोडं थोडं बोलणं सोबत चालू होतं, आईबाबांनाही त्यात घेतलं होतं. घटनेला महिना उलटूनही मूल दचकत असेल, झोपत नसेल, एखादी जागा टाळत असेल, तर घरगुती ध्यानावर न थांबता तज्ज्ञाला दाखवा. कुठे जावं कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पुढच्या जूनमध्ये ती आली, तेव्हा बाहेर धो धो कोसळत होता. तिने पाय फरशीवर टेकवले, खिडकीकडे बघितलं. "आज जरा जास्तच आहे," म्हणाली, आणि अकरावीच्या प्रवेशाचं सांगायला लागली.