सूत्र लावण्याआधी रकाना बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं प्रकरण वाचलं. धार्मिक विविधतेचा निर्देशांक तू बरोबर काढलास. प्रत्येक धर्माच्या वाट्याचा वर्ग, त्यांची बेरीज, ती एकातून वजा. म्हणजे कुठलीही दोन माणसं घेतली तर ती वेगळ्या धर्मांची निघण्याची शक्यता. २०११ च्या जनगणनेवरून भारत ०.३४, महाराष्ट्र ०.३५. पण त्यावरून 'महाराष्ट्र ही देशाची प्रतिकृती' असं जे लिहिलंस, ते खोडून टाक.

या सूत्रावर सर्वांत मोठ्या गटाचा पगडा असतो. हिंदूंचा वाटा दोन्हीकडे ७९.८ टक्के, म्हणून उत्तरं जुळली. आत डोकावून बघ: बौद्ध देशात ०.७ टक्के, महाराष्ट्रात ५.८. देशातल्या चारातले तीन बौद्ध आपल्याकडे राहतात, आणि तुझ्या आकड्यात त्याचा मागमूसही नाही.

आता मागे जा. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ मध्ये बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये सुमारे २७.९ लाख. मधे १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर आहे. माणसं तीच, वस्त्या त्याच, तरी निर्देशांक चढतो. ती चढण स्थलांतराची किंवा जन्मदराची नाही, निर्णयाची आहे. हे तुझ्या प्रकरणात ठळकपणे यायलाच हवं.

आणखी एक. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळाल्या १९९० मध्ये. त्याआधी दारात प्रगणक उभा राहिला की 'धर्म कोणता?' या प्रश्नाच्या मागे मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरीही उभी असायची. समोरचा सांगेल ते प्रगणकाने लिहायचं, वाद घालायचा नाही, हा नियम चांगलाच आहे. पण घरातलं एक माणूस सगळ्यांच्या वतीने बोलतं, हे विसरू नकोस. त्या दशकांचे आकडे वाचताना जातीच्या दाखल्यांचे नियम शेजारी ठेव.

'इतर धर्म' हा रकाना तर मला फार खुपतो. मुंबईचे पारशी आणि झारखंडचे सरना हा आदिवासी धर्म मानणारे त्यात एकत्र बसवलेत. २०११ मध्ये जवळपास ५० लाख लोकांनी, वेगळा रकाना नसताना, आवर्जून 'सरना' लिहून घेतलं. देशाच्या निर्देशांकात याने काही हलत नाही. झारखंडात मात्र 'इतर' जवळपास १३ टक्के आहेत.

तेव्हा राज्याचा एकच आकडा नको. जिल्हावार काढ, प्रत्येक आकड्याशेजारी धर्मवार वाटे छाप, आणि 'इतर'ची फोड जनगणनेच्या सी-१ तक्त्याच्या परिशिष्टातून घे. विदर्भाचे जिल्हे आधी कर आणि मला पाठव.